बर्फावरची सभा

सेंट पॉल,
४ जानेवारी

ती. आत्यास,
सिग्नेचा सा. न. वि. वि.

तुझं नाताळचं पार्सल पोचलं. लेफ्सा, तुझ्या त्या बटाट्याच्या पोळ्या, वाटेत दुमडल्या होत्या, पण चवीत काही फरक नाही. लिवने लोणी-साखर लावून एका बैठकीत चार संपवल्या आणि मला एक दिली, तीही फाटकी होती म्हणून. तू विणलेली टोपी तिच्या डोळ्यांवर येते. तिचं म्हणणं असं, की म्हणूनच ती छान आहे, कोणाकडे बघावं लागत नाही.

आता मुख्य बातमी, बसून वाच. तुमच्या हेग्दालच्या वृद्धाश्रमात नर्सची जागा निघाली आहे आणि मी अर्ज केला आहे. एरिकपासून वेगळी झाल्यावर या शहरात मला धरून ठेवणारं काही उरलेलं नाही. माझी आई गेल्यावर मला तू वाढवलंस. माझी पोरही तुझ्या डोळ्यांसमोर वाढावी असं वाटतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तुझ्या हाकेच्या अंतरावर राहायचं आहे.

अडचण एकच. लिव घरी पोपटासारखी बोलते आणि बालवाडीच्या दारात दातखीळ बसल्यासारखी गप्प होते. तिथल्या बाई म्हणाल्या की लहान वर्ग मिळाला तर कळी खुलेल. इथल्या शाळेत वर्गात अठ्ठावीस पोरं आहेत आणि तुमच्या गावातल्या मोठ्या शाळेतही तेवढीच. तुझ्या तळ्याकाठच्या शाळेत मात्र अठराच. तर सप्टेंबरच्या बालवर्गात लिवचं नाव टाकून ठेव. फी काय असेल ती कळव, हप्त्याने देईन. शेवटी तू तिथल्या मंडळाची अध्यक्ष आहेस. घरच्या पोरीला थोडी सूट मिळायला हरकत नसावी!

शाळेचं जमलं की लगेच घर बघते. शाळेचं जमलं नाही, तर मात्र लिवला नव्या गावात आणून पुन्हा मोठ्या वर्गात ढकलायचा धीर मला होणार नाही.

लोभ आहेच, तो तुमच्याकडच्या थंडीत गोठू देऊ नये.

तुझी,
सिग्ने

---

हेग्दाल,
११ जानेवारी

चि. सिग्ने हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. एकाहत्तराव्या वर्षी नाच म्हणजे काय, शेगडीपासून खिडकीपर्यंत जाऊन आले इतकंच. मग पत्राचा उरलेला भाग वाचला आणि खुर्चीत बसले. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं तुझं लहानपणापासून आहे.

फी कसली? आमची शाळा सरकारी आहे गं बाई. चार्टर शाळा म्हणजे सनदी शाळा, श्रीमंतांची खासगी शाळा नव्हे. सरकार दर मुलामागे पैसे देतं आणि आईबापांकडून आम्हाला एक सेंट घेता येत नाही. फरक इतकाच, की जिल्ह्याचं शिक्षण मंडळ ती चालवत नाही, पालकांनी आणि शिक्षकांनी मतं देऊन निवडलेले आम्ही पाच जण चालवतो. एका कॉलेजने आम्हाला पाच वर्षांची सनद दिली आहे. कसं शिकवायचं ते तुम्ही ठरवा, पण मुलांना वाचता आलं पाहिजे, हिशेब उघडे पाहिजेत आणि सभा उघड्या पाहिजेत. मुदत भरली की ते लोक येऊन सगळं उलटंपालटं करून बघतात. पटलं तर नवी सनद, नाहीतर दाराला टाळं. यंदा नेमकं ते वर्ष आहे. तेव्हा अध्यक्ष म्हणजे राणी, हे डोक्यातून काढून टाक.

प्रवेशाचंही तसंच. जानेवारीअखेर अर्ज घेतो. शाळेत भाऊ किंवा बहीण असेल त्यांना आधी जागा, आणि उरलेल्या जागांपेक्षा अर्ज जास्त झाले तर सर्वांसमोर सोडत. अर्ज सोबत जोडला आहे. तो तू भरायचा, मी नाही.

तू म्हणशील, म्हातारी भलतीच कडक झाली. अगं, तू शिकलीस ती तळ्याकाठची जुनी शाळा बंद झाली तेव्हा तू शहरात होतीस. जिल्ह्याच्या मंडळाने सभा बोलावली म्हणून आम्ही निम्मं गाव भाषणं लिहून गेलो. मी तर दोन रात्री खपून कविता लिहिली होती. वाचूनही दाखवली. नंतर कळलं की निकाल आठवडाभर आधीच कोणाच्या तरी जेवणाच्या टेबलावर लागला होता. आम्ही आपले पंगत उठल्यावर पाटपाणी मांडत होतो. त्या रागातून ही शाळा उभी राहिली, सिग्ने. तेव्हा मी शपथ घेतली, की माझ्या हातात कधी काही आलं तर ते दार उघडं ठेवून करीन.

तुम्ही दोघी याव्यात असं मला किती वाटतं, ते लिहीत नाही. लिहिलं तर तू त्याचा वापर करशील.

आणि फोन करू नकोस. फोन हवामानासाठी आणि मयतीसाठी असतो. भांडायचं असेल तर मला कागद लागतो.

लिवच्या टोपीखालच्या नाकाला एक पापा.

तुझी,
आत्या

---

सेंट पॉल,
२० जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

अर्ज आजच टाकला. जन्मदाखला, लसींचा कागद, सगळं जोडलं. नातेवाइकांची माहिती विचारलेली नव्हती म्हणून तुझं नाव कुठेच आलं नाही, याची अध्यक्षांनी नोंद घ्यावी.

त्या कवितेबद्दल मला इतकी वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. तळं आणि मळं असं यमक होतं का? पुढच्या पत्रात दोन ओळी तरी पाठव, नाहीतर मी गावात येऊन विचारीन.

वृद्धाश्रमवाल्यांनी मार्चअखेर मुलाखतीला बोलावलं आहे. लिवला सगळं सांगितलं. तिने विचारलं की नव्या शाळेत गेल्या गेल्या नाव सांगावं लागतं का. मी म्हटलं की बाईंना आधीच माहीत असेल. तेव्हापासून ती रोज दप्तर भरते. त्यात सध्या एक मोजा, एक चमचा आणि शेजारच्यांच्या मांजराचा फोटो आहे.

तुमचे बाकीचे चौघे कोण, आणि तू त्यांना बोलू देतेस का, तेही कळव.

माझा नमस्कार स्वीकारून थोडी मवाळ हो.

तुझी,
सिग्ने

---

हेग्दाल,
१३ फेब्रुवारी

चि. सिग्ने हिस,
अ. उ. आ.

हे पत्र लिहायला मी दोन दिवस टाळाटाळ केली. कपाटं आवरली, शेगडीच्या मागचंसुद्धा पुसलं.

आधी तू विचारलेलं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही पाच जण असे: एक मी. दुसरा आर्लेन स्टोके, पशुखाद्याचं दुकान पोरावर टाकून हिवाळाभर गोठलेल्या तळ्यावर झोपडी ओढून नेतो आणि बर्फाला भोक पाडून मासे धरत बसतो. तिसरा ड्वेन, नळ दुरुस्त करणारा, त्याच्या तीन पोरी आमच्याकडेच शिकतात. चौथी लोर्ना, पास्टरची बायको, तीही पालकच. आणि पाचवी पाकू वँग, आमची बालवर्गाची बाई, कारण आमच्या मंडळात एक तरी शिक्षक असावाच लागतो. पाकूच्या गळाला जेवढे मासे लागतात तेवढे या तळ्यात कोणाच्याच लागत नाहीत. म्हणून जो तो तिला आपल्या बर्फावरच्या झोपडीत बोलावतो.

बालवर्गाला अठरा जागा आणि अर्ज आले एकोणीस. भावाबहिणींच्या अकरा जागा जाऊन सात उरल्या, आणि मुलं आठ. म्हणजे एकच पोर बाहेर राहणार. मी मनाशी म्हटलं, आठात एक, इतकं काही वाईट नाही.

गेल्या मंगळवारच्या सभेत आर्लेनने ठराव मांडला, की यंदा बालवर्गात एकोणीस मुलं घ्यावीत. ड्वेनने लगेच पाठिंबा दिला. मी नात्यामुळे मत दिलं नाही, बाकीच्या चौघांनी हात वर केले, लोर्नाने जरा इकडेतिकडे बघत, आणि झालंसुद्धा. माझ्या मनात लाडू फुटत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून व्हर्ना क्विस्टने सुया थांबवल्या. आमच्या प्रत्येक सभेला जनता म्हणून ही एकटीच येते आणि विणत बसते. तिने विचारलं, की हातधुण्याचा साबण कुठला घ्यायचा यावर तुम्ही अर्धा तास भांडता, मग हे असं शिंक आल्यासारखं कसं झालं? 

उत्तर रविवारी चर्चनंतरच्या कॉफीला मिळालं. आर्लेनने मला कोपऱ्यात घेऊन मोठ्या मायेने सांगितलं, की काळजी करू नकोस बोर्गहिल्ड, आम्ही ते बर्फावरच मिटवून टाकलं होतं. सभेच्या आधीच्या शनिवारी आर्लेन, ड्वेन आणि पाकू त्याच्या झोपडीत गळ टाकून बसले होते. आर्लेन म्हणाला की बोर्गहिल्डची नात एका जागेसाठी अडली तर ते बरं दिसेल का. ड्वेन म्हणाला की खुर्ची मी घरून आणतो. पाकू गप्प राहिली. तिच्या हातात आर्लेनची कॉफी होती. ज्याच्या शेगडीवर हात शेकतो आहोत त्याच्याशी त्याच्याच झोपडीत वाद घालायचा नाही, ही इथली रीत तुला ठाऊक आहे.

आता दुखणं समजून घे. पाचातले तीन म्हणजे कोरम. तीन सभासद एकत्र बसून शाळेचं बोलले, की ती सभा झाली, मग ती बर्फावर असो नाहीतर हजामाच्या दुकानात. सभेची नोटीस आधी लावावी लागते आणि दार सगळ्यांना उघडं असावं लागतं. आर्लेनला हे सांगितलं तर तो म्हणाला की दार उघडं ठेवलं असतं तर आम्ही गोठून मेलो असतो.

माणूस सोन्यासारखा आहे. त्याने हे माझ्यासाठी केलं, आणि म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं. जुन्या शाळेचा गळा ज्यांनी जेवणाच्या टेबलावर दाबला, त्यांनाही मनातून आपण भलंच करतोय असं वाटलं असणार.

तर मी पुढच्या मंगळवारी खास सभा बोलावली आहे. नोटीस दारावर लावली. तो ठराव रद्द करून तोच विषय पुन्हा, सगळ्यांसमोर. मी त्या वेळी अध्यक्षाच्या खुर्चीवर बसणार नाही. कदाचित एकोणिसावी जागा पुन्हा मिळेल, कदाचित नाही. हे तुला आधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं.

रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझी,
आत्या

---

सेंट पॉल,
१७ फेब्रुवारी

मा. अध्यक्ष, तळ्याकाठची शाळा, हेग्दाल, यांस
स. न. वि. वि.

आपलं १३ तारखेचं पत्र पावलं.

आत्या, एक खुर्ची! ड्वेन घरून आणणार होता. त्या एका खुर्चीने कोणाचं काय वाकडं होणार होतं? एकोणीसच्या एकोणीस पोरं आत गेली असती, सोडतीची गरजच पडली नसती, कोणाची आई रडली नसती. तुला फक्त गप्प बसायचं होतं. नाहीतरी या गावात सगळे आयुष्यभर गप्पच बसतात, तुलाच नेमका कंठ कुठून फुटला?

मला तुझं तत्त्व कळतं. मी मठ्ठ नाही. पण लिवला तत्त्व कळत नाही, तिला दप्तर कळतं. मी तिला सांगून बसले होते. आता काय सांगू, की आत्याआजीने नोटीस लावली?

आणखी लिहिलं तर अद्वातद्वा लिहीन. म्हणून इथेच थांबते.

आपली,
सिग्ने हालवर्सन, अर्जदार पालक

---

हेग्दाल,
६ मार्च

चि. सिग्ने हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी जपून ठेवलं आहे. मला ‘मा.’ आजवर फक्त वीज कंपनीने लिहिलं होतं.

सगळं क्रमाने सांगते. वीस तारखेच्या सभेला चाळीस माणसं आली. व्हर्ना वैतागली, तिची जागा गेली. मी लोर्नाला अध्यक्षाची खुर्ची दिली आणि खाली जाऊन व्हर्नाशेजारी बसले. तिने लोकरीचा गुंडा माझ्या मांडीवर ठेवला. हाताला काम बरं असतं.

आर्लेनने उभं राहून कबूल केलं, की झोपडीत बोलणं झालं ते चुकलं, पण एका पोरीची सोय होत असेल तर एकोणीस घ्यावेत असं त्याला अजूनही वाटतं. ड्वेनने पुन्हा खुर्चीचं सांगितलं. मग पाकू उठली. ती म्हणाली, की झोपडीत मला कोणी विचारलं नाही आणि सभेत सगळ्यांनी हात वर केले म्हणून मीही केला, त्याची मला लाज वाटते. खुर्चीचा प्रश्नच नाही. दरवर्षी वर्गात चार-पाच पोरं अशी येतात जी तोंड उघडत नाहीत. पहिले काही महिने मी त्यांच्यातल्या एकेकाजवळ रोज जमिनीवर बसते, ती बोलेपर्यंत. अठरांमध्ये तेवढा वेळ कसाबसा निघतो. एकोणीस झाले की त्यातलंच कोणीतरी एक राहून जाईल, आणि ते कोण ते मला कळणारसुद्धा नाही, कारण ते बोलणारच नाही. व्हर्नाच्या सुया थांबल्या.

सिग्ने, ती हे लिवबद्दलच बोलत होती आणि तिला ते माहीत नव्हतं.

आर्लेन आणि ड्वेन एका बाजूला, पाकू आणि लोर्ना दुसऱ्या. दोन विरुद्ध दोन, एकोणीस मुलांचा ठराव पडला. माझं मत असतं तर निकाल लागला असता, पण ते मला देता येत नव्हतं. देता आलं असतं तर काय दिलं असतं, हे मला विचारू नकोस.

काल सोडत झाली. माजी सैनिकांच्या क्लबातला बिंगोचे आकडे काढायचा पिंजरा आणला होता. त्यात आठ गोळे टाकले आणि व्हर्नाला काढायला सांगितलं, कारण तिचं या गावात कोणाशीच फार पटत नाही. सात गोळे निघाले. सात घरची माणसं आपली हसली, म्हणजे आमच्याकडे हसतात तशी, जमिनीकडे बघत. पिंजऱ्यात एकच गोळा खडखडत राहिला. नियम म्हणून तोही काढला. लिव प्रतीक्षायादीत पहिली आहे.

मी सभा रीतसर संपवली, कॉफीचे कप विसळले, घरी आले आणि कोट-बुटांसकट पलंगावर पडून रडले. मला तुम्ही दोघी इथे हव्या होतात. गेल्या महिनाभरात मागची खोली रंगवून झाली, पडदे शिवून झाले. एवढं सगळं करून माझ्याच हाताने मी दार लावून घेतलं असं मला वाटतं, आणि तरी पुन्हा हेच करीन असंही वाटतं. या दोन्हींचा मेळ मला घालता येत नाही. तुला आला तर कळव.

लिवला काय सांगायचं ते मला ठाऊक नाही. खोटं मात्र सांगू नकोस.

तुझी,
आत्या

---

हेग्दाल,
२७ मार्च

चि. सिग्ने हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र नाही. असो, मी लिहिते.

बर्फ पातळ झाला, झोपड्या तळ्यावरून ओढून काढल्या. आर्लेनने त्याच्या झोपडीच्या दारावर पाटी ठोकली आहे: मंडळाचे दोनपेक्षा जास्त सभासद आत येऊ नयेत. जाणारा-येणारा थांबून फोटो काढतो. आम्हा पाचही जणांना कायद्याचं प्रशिक्षण पुन्हा घ्यावं लागलं. ड्वेन त्यात झोपला.

कॉलेजची माणसं येऊन गेली. वर्गात बसली, पोरांचं वाचन ऐकलं, हिशेब बघितले. त्यांच्यातल्या बाईंनी बर्फावरच्या प्रकाराबद्दल विचारलं. आम्ही काही झाकलं नाही. त्यांनी विचारलं की त्या एका जागेत तुमचं कोणी होतं का, मी म्हटलं, होतं. जाताना त्यांनी माझा हात जरा जास्त वेळ धरला. पाच वर्षांची सनद द्यावी अशी शिफारस करणार म्हणाल्या. लोर्नाने केक आणला होता. सगळ्यांनी म्हटलं, वाईट नाही, आमच्याकडे याहून मोठं कौतुक नसतं.

मला काहीच गोड लागलं नाही. त्याचं कारण असं, की शुक्रवारी व्हर्नाने तुझी निळी गाडी वृद्धाश्रमाच्या आवारात पाहिली. सेंट पॉलच्या दुकानाचं स्टिकर, मागच्या काचेला चीर. मी दुपारभर खिडकीशी बसले. ओव्हनमध्ये बटाटे-खिम्याचा हॉटडिश केला होता, तो तसाच राहिला. संध्याकाळी व्हर्नाने सांगितलं की गाडी गेली.

तू आलीस आणि माझ्या दारावरून गेलीस. तुझा हक्क आहे. पण मला फार लागलं, ते लिहून ठेवते.

शिव्या असल्या तरी चालतील, पण दोन ओळी टाक.

तुझी,
आत्या

---

सेंट पॉल,
२ एप्रिल

ती. आत्यास,
सिग्नेचा सा. न. वि. वि.

चुकलं माझं. तुझ्या दाराशी आले होते, गाडीही थांबवली होती. पण खिडकीत तुझं डोकं दिसलं आणि मला वाटलं, आत गेले तर एक तर भांडीन नाहीतर रडेन, आणि दोन्ही तुझ्या हॉटडिशवर.

मी वृद्धाश्रमात नोकरी नको म्हणून सांगायलाच आले होते. तोंडावर नाही म्हणावं, एवढी सभ्यता तूच शिकवलीस. तिथल्या ऑफिसातली बाई, इर्मा नाव तिचं, मला नाही म्हणायची संधीच देईना. आधी इमारत दाखवली, मग एका आजोबांच्या खोलीत नेऊन त्यांच्याशी ओळख करून दिली, मग कॉफी. कॉफी पिता पिता मुलांचा विषय निघाला. तिचा मुलगा मोठ्या शाळेत जातो. मी सहज विचारलं की तळ्याकाठच्या शाळेत का नाही, आणि तिने जे सांगितलं ते ऐकून मी कप खाली ठेवला. तिने ते जराही कडवटपणे सांगितलं नाही, म्हणूनच मला जास्त टोचलं. काय सांगितलं ते लिवने तुला कळवायचं ठरवलं आहे. ती बोलली ते मी जसंच्या तसं उतरवून काढलं, एक शब्दही बदलला नाही.

नोकरी घेतली. जूनमध्ये येतो. मागच्या खोलीचे पडदे कुठल्या रंगाचे आहेत ते कळव, लिवला मांजराचा फोटो त्याच्याशेजारी लावायचा आहे.

तुझा मेळ मलाही जमला नाही. एकत्र बसून घालू. आपण दोघीच आहोत, कोरम होत नाही.

तुझी,
सिग्ने

ती. आत्याआजीस,
लिवचा नमस्कार.

आई लिहिते आहे, मी बोलते आहे. मी मोठ्या शाळेत जाणार. तिथे खूप मुलं आहेत. मला भीती वाटते पण थोडीच.

मी आईला विचारलं की आत्याआजीने मला तिच्या शाळेत का नाही घेतलं. आई म्हणाली, तिला घेता आलं असतं. मग मी विचारलं, मग का नाही घेतलं. आई खूप वेळ भांडी घासत होती. मग ती म्हणाली, मागच्या वर्षी पण एक मुलगा असाच बाहेर राहिला होता. त्याच्यासाठी कोणीच खुर्ची आणली नाही. त्याची आत्याआजी अध्यक्ष नव्हती.

मग आईने हात पुसले आणि म्हणाली, लिव, आपण तिच्याकडेच राहायला जाऊ या.

मी हो म्हटलं.

तुझी,
लिव